दंतकथेने त्याच्या हातात फूटभर नळीचं रिव्हॉल्व्हर दिलं, पण बॅट मास्टरसनने स्वतःसाठी कंपनीकडून मागवलं ते आखूड

२४ जुलै १८८५. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं डॉज सिटी नावाचं गाव. तिथल्या ऑपेरा हाऊस सलूनच्या छापील कागदावर एका माणसाने कोल्ट कंपनीला पत्र लिहिलं. पॉइंट ४५ कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर हवंय, निकेलचा मुलामा दिलेलं. स्वतःच्या वापरासाठी आहे, तेव्हा काम जरा मन लावून करा, जादा कामाचे जादा पैसे देतो. चाप एकदम हलका ठेवा. नेम धरायचा पुढचा उंचवटा नेहमीपेक्षा थोडा उंच आणि जाड करा. मूठ गट्टापर्चाची लावा. आणि नळी, म्हणजे बॅरल, रिकामी काडतुसं ढकलायच्या सळईएवढीच लांब ठेवा.

सही केल्यावर त्याने खाली अजून एक ओळ टाकली. एक नको, अशी दोन पाठवा.

पत्र लिहिणाऱ्याचं नाव डब्ल्यू. बी. मास्टरसन. अख्खी अमेरिका त्याला ओळखायची ती बॅट मास्टरसन म्हणून.

वेस्टर्न पिक्चर बघितले असतील तर बंदूकबाज हिरोची लांबलचक नळीची पिस्तुलं तुम्हाला आठवत असतील. बॅटच्या नावावर तर बारा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट आहे. बारा इंच म्हणजे शाळेतली अख्खी फूटपट्टी. पण ज्याचा जीव खरोखर या हत्यारावर अवलंबून होता, त्याने स्वतःचे पैसे मोजून मागवलेली नळी पावणेपाच इंचांच्या आसपासची होती. फूटपट्टीच्या अर्ध्यापेक्षाही कमी.

असं का? याचं उत्तर त्याच्या आयुष्यात सापडतं.

कॅनडात जन्म, कॅन्ससमध्ये शेती

बॅटचा जन्म २६ नोव्हेंबर १८५३ चा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला. बाप्तिस्म्याचं नाव बार्थोलोम्यू. पुढे त्याने स्वतःच विल्यम बार्कले असं नाव लावायला सुरुवात केली, पण लहानपणापासूनचं बॅट काही सुटलं नाही. आईवडील शेतकरी. न्यूयॉर्क, इलिनॉय असं करत करत हे कुटुंब कॅन्ससमध्ये विचिटाजवळ येऊन स्थिरावलं.

मोठा भाऊ एड आणि बॅट, दोघांनाही शेतीत रस नव्हता. विशीच्या आतबाहेरची ही पोरं घर सोडून म्हशींच्या शिकारीला निघाली. तेव्हा अमेरिकेच्या मैदानात बायसन म्हणजे रानम्हशींचे प्रचंड कळप होते आणि त्यांच्या कातड्याला चांगला भाव होता. मधल्या काळात भावांनी रेल्वेचा मार्ग सपाट करायचं कामही घेतलं. पण ठेकेदार तीनशे डॉलर बुडवून पसार झाला.

पुढच्या वर्षी हाच ठेकेदार रेल्वेने डॉज सिटीतून जाणार असल्याची खबर बॅटला लागली. बॅट डब्यात चढला, ठेकेदाराला खाली उतरवलं आणि पिस्तुलाच्या धाकाने पैसे वसूल केले. एकही गोळी झाडली नाही. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि गावात त्याचं नाव झालं.

लांबच्या कामाला रायफल

जून १८७४ मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकाला अॅडोबी वॉल्स नावाच्या व्यापारी ठाण्यावर कोमांची, कायोवा आणि शायेन योद्ध्यांनी हल्ला केला. त्यांची जगण्याची सगळी व्यवस्था बायसनवर उभी होती आणि गोरे शिकारी ते कळपच्या कळप संपवत चालले होते, हे त्यामागचं कारण. ठाण्यावर २८ पुरुष आणि एक बाई. त्यात सगळ्यात लहान होता २० वर्षांचा बॅट.

ही लढाई तगवली ती शिकाऱ्यांच्या जाड भिंतींनी आणि त्यांच्या लांब पल्ल्याच्या शार्प्स रायफलींनी. मोकळ्या मैदानात शत्रू शेकडो यार्डांवर असतो, तिथे रायफलच पाहिजे. हा धडा बॅट विसरला नाही. पुढे शेरीफ झाल्यावर पाठलागाच्या वेळी तो रायफलच उचलायचा.

पण गावातली भांडणं मैदानात होत नाहीत. ती होतात दारूच्या गुत्त्यात, पत्त्यांच्या टेबलाशी, नाचघराच्या दारात. तिथलं अंतर यार्डात नाही, हातात मोजायचं. हे त्याला दीड वर्षातच कळलं.

पहिली गोळी त्याच्या स्वतःच्या अंगात

२४ जानेवारी १८७६ ची रात्र. टेक्सासमधलं स्वीटवॉटर हे छोटं गाव, जे पुढे मोबीटी नावाने ओळखलं गेलं. सैन्यातल्या किंग नावाच्या कॉर्पोरलने बॅटवर गोळी झाडली. भांडण मॉली ब्रेनन नावाच्या तरुणीवरून झालं असं सांगतात. मॉली जागेवर कोसळली ती परत उठली नाही. बॅटच्या कमरेच्या हाडात गोळी घुसली. बॅटने उलट झाडलेल्या गोळीने किंगही वाचला नाही.

मॉली मुद्दाम बॅटच्या आड आली, त्याच्यासाठी तिने जीव दिला, अशी गोष्ट नंतर रंगवली गेली. खरं काय घडलं हे सांगायला त्या खोलीतले फार लोक उरले नाहीत. एवढं मात्र नक्की की एका खोलीत काही सेकंदांत सगळं संपलं. दोन जीव गेले, आणि तिसरा पुढे काठी टेकत चालू लागला.

ही काठीच पुढे बॅटची ओळख बनली.

डॉज सिटीचा शेरीफ, तीन मतांनी

तर आता डॉज सिटी. टेक्सासमधून गुरांचे कळप हाकत आणायचे, इथे रेल्वेत चढवायचे, हा या गावाचा धंदा. महिनोन्महिने घोड्यावर काढलेले गुराखी गावात यायचे, हातात पगार, समोर दारू आणि कमरेला पिस्तुल. त्यामुळे गावाने एक नियम केला होता. रेल्वे रुळांच्या उत्तरेला शस्त्र बाळगायचं नाही. आलात की जमा करा, जाताना परत घ्या.

म्हणजे पिक्चरमध्ये जिथे प्रत्येकाच्या कमरेला दोन-दोन पिस्तुलं लटकताना दिसतात, त्या गावात खरं तर बंदूकबंदी होती.

नोव्हेंबर १८७७ मध्ये बॅट फोर्ड काउंटीच्या शेरीफपदाला उभा राहिला आणि फक्त तीन मतांनी निवडून आला. चोविसावं वर्ष पूर्ण व्हायला तेव्हा काही दिवस बाकी होते. त्याच वर्षाच्या शेवटी भाऊ एड गावाचा मार्शल झाला. काउंटी एका भावाकडे, गाव दुसऱ्याकडे.

एडचा स्वभाव बॅटपेक्षा मऊ होता. समोरच्याला समजावून सांगावं, बोलून प्रश्न मिटवावा, असा त्याचा खाक्या. लोकांना तो आवडायचा.

९ एप्रिल १८७८ ची रात्र. वॅग्नर नावाचा एक झिंगलेला गुराखी पिस्तुल घेऊन नाचघरात होता. एडने त्याच्याकडून पिस्तुल काढून घेतलं आणि त्याच्या वरिष्ठाकडे, वॉकरकडे दिलं. जमा करून टाक म्हणाला आणि बाहेर पडला. थोड्याच वेळात ते दोघे बाहेर आले आणि वॅग्नरकडे पुन्हा पिस्तुल होतं. एड ते हिसकावायला गेला. झटापट झाली. त्या झटापटीत गोळी सुटली.

नळी एडच्या अंगाला इतकी लागून होती की आगीच्या लोळाने त्याच्या कपड्यांनी पेट घेतला. तशा अवस्थेत तो रूळ ओलांडून गावाच्या दुसऱ्या बाजूच्या सलूनपर्यंत चालत गेला आणि तिथे कोसळला. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने त्याचा जीव गेला. वॅग्नर दुसऱ्या दिवशी मेला, वॉकर जबर जखमी झाला. त्या दोघांना एडने मरता मरता टिपलं असं त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं. बॅटने पुढे कोर्टात शपथेवर सांगितलं की त्या गोळ्या त्याने झाडल्या होत्या.

गोळ्या कोणाच्याही असोत. मार्शलच्या कमरेला पिस्तुल होतं, अनुभव होता, कायदा बाजूने होता. तरी अंतर हातभर उरलं तेव्हा यातलं काहीच कामाला आलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच्या नेमकं उलटं उदाहरण घडलं. केनेडी नावाच्या तरुणाने रात्री गावाच्या मेयरच्या घरावर गोळ्या झाडल्या. मेयर घरात नव्हता. आत झोपलेली गायिका डोरा हँड मेली. बॅट, वायट अर्प, बिल टिल्गमन, चार्ली बॅसेट अशी मंडळी पाठलागावर गेली आणि मैदानात केनेडीला गाठलं. तेव्हा बॅटने रायफलने त्याचा दंड फोडला आणि त्याला जिवंत पकडलं. पुढे केनेडी पुराव्याअभावी सुटला, तो भाग वेगळा.

थोडक्यात काय, लांबच्यासाठी रायफल. मग कमरेच्या रिव्हॉल्व्हरने नेमकं कोणतं काम करायचं? फक्त जवळचं. आणि जवळच्या कामाला लांब नळीचा उपयोग किती?

नळीच्या लांबीने नक्की काय बदलतं?

इथे जरा तांत्रिक भाग समजून घ्या, सोपा आहे.

कोल्टचं सिंगल अॅक्शन आर्मी हे मॉडेल १८७३ सालचं. सहा काडतुसांचं फिरतं चक्र, प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. याच्या तीन नळ्या प्रसिद्ध झाल्या. साडेसात इंच, म्हणजे घोडदळाची. साडेपाच इंच, जी पुढे तोफखान्याच्या नावाने ओळखली गेली. आणि पावणेपाच इंच, जी सामान्य नागरिकांमध्ये चालली.

लांब नळीचे फायदे खरे आहेत. बंदुकीच्या दारूला जळायला जास्त जागा मिळते, त्यामुळे गोळीचा वेग थोडा वाढतो. नेम धरायच्या मागच्या खाचेत आणि पुढच्या उंचवट्यात अंतर जास्त राहतं, म्हणून लांबचा नेम जास्त अचूक बसतो. पुढचं वजन जास्त असल्यामुळे झटक्याने नळी कमी उचलली जाते.

पण हे सगळे फायदे लांबच्या निशाण्याचे. चार पावलांवर उभ्या माणसासाठी वेगातल्या थोड्या फरकाने काही बिघडत नाही.

आता तोटे बघा. लांब नळी चामड्याच्या म्यानातून पूर्ण बाहेर यायला हात जास्त वर न्यावा लागतो. कोटाखाली ती लपत नाही. खुर्चीत बसलं की मांडीला आणि खुर्चीला अडकते. दिवसभर कमरेला बाळगायची म्हटलं तर वजनही किलोच्या पुढे जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे झटापटीत ती समोरच्याच्या हातात सापडते. नळी जेवढी बाहेर, तेवढी ती पकडून पिरगळायला सोपी.

मग नळी अजून आखूड का नाही करायची? तीन इंच, दोन इंच?

इथे बॅटने पत्रात लिहिलेली ती सळई येते. या कोल्टमध्ये झाडलेली काडतुसं एकदम बाहेर पडत नाहीत. नळीच्या बाजूला एक सळई असते, ती मागे दाबून एकेक रिकामं काडतूस ढकलून काढावं लागतं. नळी त्या सळईपेक्षा आखूड केली तर सळईच काढून टाकावी लागते. मग सहा गोळ्या संपल्यावर रिकामी काडतुसं काढायला हाताशी काडी नाहीतर खिळा शोधत बसा. सळई नसलेली तशी आखूड मॉडेलंही कोल्टने बनवली, दुकानदार वगैरे लोक ती गल्ल्याखाली ठेवायचे.

म्हणजे पावणेपाच इंच ही सीमारेषा होती. हत्यार आपली सगळी कामं करू शकेल, अशी कमीत कमी लांबी. बॅटने इंचात आकडा लिहिला नाही, सळईएवढी म्हटलं. हत्यार रोज हाताळणारा माणूस असाच विचार करतो. तुकडा कुठवर कापला तर चालेल, तर जिथवर काम अडत नाही तिथवर.

बाकीच्या मागण्याही त्याच माळेतल्या. उंच, जाड उंचवटा दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात पटकन दिसतो. गट्टापर्चा म्हणजे झाडाच्या चिकापासून बनलेला रबरासारखा कडक पदार्थ. हस्तिदंताच्या मुठीसारखा दिमाख त्यात नाही, पण रोजच्या वापराला टिकाऊ.

हलका चाप मात्र दुधारी असतो. दाबायला सोपा, तसा चुकून सुटायलाही सोपा. जानेवारी १८७६ मध्ये विचिटात बॅटचाच मित्र वायट अर्प खुर्चीत बसलेला असताना त्याचं रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरून पडलं, घोड्यावर आपटलं आणि गोळी सुटली. त्याचा कोट भोकला, तो वाचला. तेव्हा अनुभवी लोक सहापैकी पाचच खणांत काडतुसं भरायचे आणि घोड्याखालचा खण रिकामा ठेवायचे, त्यामागचं कारण हेच.

आखूड नळीसुद्धा वाचवत नाही

पण थांबा. आखूड नळी घेतली की माणूस सुरक्षित, असा जर हिशोब असेल तर बॅटने स्वतः पाहिलेला एक प्रसंग तो हिशोब मोडून टाकतो.

१८८१ च्या सुरुवातीला बॅट अॅरिझोनातल्या टूम्बस्टोनला होता. तिथे त्याच्या दोन मित्रांची एकमेकांशी जुंपली. एक ल्यूक शॉर्ट, दुसरा चार्ली स्टॉर्म्स. दोघेही जुगारी, दोघेही नावाजलेले. बॅट मध्ये पडला, स्टॉर्म्सला समजावून त्याच्या खोलीपर्यंत सोडून आला. परत येऊन तो शॉर्टशी बोलत होता, तेवढ्यात स्टॉर्म्स पुन्हा हजर. त्याने शॉर्टचा हात धरून ओढला आणि आपलं पिस्तुल काढलं.

ते पिस्तुलही कोल्टच होतं, पॉइंट ४५, नळी कापून आखूड केलेलं. ते बाहेरही आलं. पण शॉर्ट त्याच्याहून वेगवान निघाला, त्याने आपली नळी थेट स्टॉर्म्सच्या छातीला टेकवली. स्टॉर्म्स तिथेच मेला.

बॅटने पुढे हा प्रसंग सविस्तर लिहिला. डोळ्यांसमोर एक मित्र दुसऱ्या मित्राच्या हातून गेला होता, आणि दोघांनाही आवरायचा प्रयत्न त्याने काही मिनिटांपूर्वीच केला होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये धाकटा भाऊ जिम डॉज सिटीत अडचणीत आल्याची तार आली. बॅट रेल्वेने निघाला आणि १६ एप्रिलला उतरला तो थेट भांडणातच. भरदिवसा, स्टेशनासमोरच्या चौकात, रुळांच्या भरावाआडून गोळीबार. गोळ्या दुकानांच्या आणि सलूनच्या खिडक्यांतून आत घुसल्या. एक जण जबर जखमी झाला, पण तो जगला. बॅटला ८ डॉलर आणि कोर्टाचा खर्च एवढा दंड झाला. त्याच संध्याकाळी त्याने गाव सोडलं. भाऊ जिम सुखरूप होता, हे त्याला सगळं आटोपल्यावर कळलं.

इतकं सगळं बघितलेल्या माणसाने चार वर्षांनी ते पत्र लिहिलं. १८७९ ते १८८५ या काळात त्याने कोल्टकडून अशी आठ रिव्हॉल्व्हर मागवल्याच्या नोंदी आहेत. गंमत बघा, पत्राच्या तीनच आठवडे आधी, ४ जुलै १८८५ ला डॉज सिटीने सगळ्यात लोकप्रिय माणूस म्हणून त्याला सोन्याच्या मुठीची काठी दिली होती. ज्या गावाने आठ डॉलर दंड केला, तेच हे गाव.

मग तो झाला पत्रकार

पुढची वर्षं त्याने डेन्वरमध्ये काढली. जुगाराचे अड्डे, नाटकगृह, मुष्टियुद्धाचे सामने. १८९१ मध्ये एमा नावाच्या कलाकार तरुणीशी संसार थाटला. बॉक्सिंगवर तो इतकं अधिकाराने बोलायचा की वर्तमानपत्रं त्याला विचारू लागली.

१९०२ मध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला, आणि आल्या आल्याच पोलिसांनी त्याला पकडलं. जुगारात फसवणूक केल्याचा आरोप टिकला नाही. पण कपड्यांआड लपवलेलं पिस्तुल सापडलं, त्याबद्दल १० डॉलर दंड मात्र झाला. डॉज सिटीत लोकांची पिस्तुलं जमा करणाऱ्या शेरीफचं पिस्तुल न्यूयॉर्कच्या पोलिसांनी काढून घेतलं.

१९०३ पासून तो मॉर्निंग टेलिग्राफ या वर्तमानपत्रात लिहू लागला. आठवड्यातून तीन स्तंभ, मुख्यतः बॉक्सिंगवर आणि मग जगातल्या कुठल्याही विषयावर. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याला न्यूयॉर्कसाठी डेप्युटी यूएस मार्शल नेमलं. १९०९ मध्ये नवं सरकार आल्यावर ते पद गेलं. स्तंभ चालूच राहिला.

१९०७ मध्ये त्याने ह्यूमन लाइफ या मासिकासाठी जुन्या बंदूकबाजांवर लेखमाला लिहिली. बेन थॉम्पसन, वायट अर्प, ल्यूक शॉर्ट, सगळे त्याचे ओळखीचे. त्यात त्याने आपल्या अनुभवाचं सार मांडलं. पिस्तुलाच्या सामन्यात टिकायला तीन गोष्टी लागतात. एक धाडस, दोन हत्यार चालवायचा सराव, आणि तीन डोकं थंड ठेवून नेम धरायची सवय. धाडस आणि सराव असलेलेही, तिसरी गोष्ट नसल्यामुळे घाईत पहिली गोळी वाया घालवून मेले, असं त्याचं निरीक्षण होतं.

या तीन गोष्टींत नळीची लांबी कुठेच नाही. जो माणूस कंपनीला पत्र लिहून उंचवट्याची जाडीसुद्धा सांगायचा, त्याने टिकून राहण्याची कारणं लिहिताना हत्याराच्या मापाला जागा दिली नाही.

२६ माणसं मारल्याची बातमी

बॅटने किती माणसं मारली? १८८१ मध्ये एका डॉक्टरने न्यूयॉर्क सनच्या बातमीदाराला फेकून दिलं, २६. बातमी छापून आली, देशभर पसरली आणि आयुष्यभर त्याला चिकटली. आजच्या भाषेत सांगायचं तर फेक न्यूज व्हायरल झाली. प्रत्यक्षात त्याच्या हातून नक्की मेला असं सांगता येईल अशी नावं एका हाताच्या बोटांवर मोजूनही बोटं उरतात.

न्यूयॉर्कमध्ये लोक त्याच्याकडे खुणा कोरलेलं पिस्तुल मागायला यायचे. मग तो गहाणवटीच्या दुकानातून जुनं कोल्ट आणायचा, मुठीवर खुणा कोरायचा आणि शौकिनांना विकून टाकायचा, असा किस्सा सांगतात.

पण अब्रूवर आलं तेव्हा तो हसला नाही. १९११ मध्ये एका वर्तमानपत्रात छापून आलं की बॅटने नाव कमावलं ते दारुड्यांना आणि आदिवासींना पाठीत गोळ्या घालून. बॅट कोर्टात गेला. १९१३ मध्ये खटला उभा राहिला. समोरून त्याची उलटतपासणी घेणारा वकील होता बेंजामिन कार्डोझो, जो पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. खटला बॅटने जिंकला. भरपाई ३,५०० डॉलर ठरली, ती नंतर घटून १,००० वर आली.

२५ ऑक्टोबर १९२१ ला टेलिग्राफच्या कचेरीत आपल्या टेबलाशी लिहीत बसला असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने बॅट गेला. वय ६७. न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत त्याला पुरलं.

मेल्यावर मिळालेली लांब नळी

बॅट गेल्यावर दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, स्टुअर्ट लेक या लेखकाचं वायट अर्पवरचं पुस्तक आलं. त्यात एक किस्सा होता. नेड बंटलाइन नावाच्या कादंबरीकाराने १८७६ मध्ये बारा इंची नळीची खास कोल्ट बनवून घेतली आणि डॉज सिटीच्या पाच जणांना भेट दिली. अर्प, बॅट, टिल्गमन, बॅसेट आणि नील ब्राउन.

वाचकांना हे इतकं आवडलं की पुढे टीव्हीवर अर्पच्या हातात लांबलचक नळी आली आणि १९५७ मध्ये कोल्टने बंटलाइनच्या नावाने बारा इंची मॉडेलच बाजारात आणलं. पण १८७६ मध्ये बंटलाइनने अशी पाच रिव्हॉल्व्हर घेतल्याची नोंद काही कंपनीच्या दप्तरात सापडली नाही. अभ्यासक ही गोष्ट दंतकथाच मानतात.

मजा म्हणजे लेकच्या त्या गोष्टीतसुद्धा बॅट ती लांब नळी कापून आखूड करतो. दंतकथा लिहिणाऱ्यालाही हा माणूस फूटभर नळी कमरेला लावून फिरेल, असं वाटलं नसावं.

१८८५ चं ते पत्र मात्र खरं आहे. त्याच्यानंतर रिव्हॉल्व्हर बदलत गेली. सगळी रिकामी काडतुसं एका दणक्यात बाहेर काढणारी रचना आली, तेव्हा त्या सळईचं बंधनही उरलं नाही. १९२७ मध्ये कोल्टने दोन इंची नळीचं डिटेक्टिव्ह स्पेशल काढलं आणि साध्या वेशातल्या पोलिसांमध्ये ते चाललं. तरी नळी निवडताना पडणारे प्रश्न तेच राहिले. किती अंतरावर वापरायचंय, दिवसभर अंगावर राहील का, पटकन हातात येईल का, आणि एवढं आखूड केल्यावर नेम धरायला काही उरेल का.

बॅटने या प्रश्नांचं उत्तर चार ओळींत लिहून दिलं होतं. पण त्याच माणसाचा भाऊ कमरेला पिस्तुल असूनही गेला. मित्र आखूड पिस्तुल हातात असताना गेला. तो स्वतः म्हातारपणापर्यंत जगला, कारण वयाच्या तिशीनंतर त्याने हळूहळू त्या गल्ल्या, ते गुत्ते आणि ती गावं सोडली, जिथे पिस्तुल काढायची वेळ येत होती. आयुष्याची शेवटची अठरा वर्षं त्याच्या हातात होती ती लेखणी.